अण्णांचा भाडेकरू

अण्णांच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात एक भाडेकरू राहतो. त्याला कुणी पाहिलेलं नाही. त्याने कधी पागडी दिली नाही, भाडं दिलं नाही, गणपतीची वर्गणीसुद्धा दिली नाही. पण महापालिकेच्या करआकारणी विभागाची त्याच्यावर नितांत श्रद्धा आहे.

दुकान तुमचं असो, गल्ल्यावर तुम्हीच बसत असा, कायदा विचारतो ते एवढंच, की ही जागा भाड्याने दिली असती तर वर्षाला वाजवी भाडं किती आलं असतं? त्या न आलेल्या भाड्यातून दुरुस्तीखातर दहा टक्के वजा करायचे. उरलं ते करयोग्य मूल्य, आणि कर त्याच्यावर. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९चा. तेव्हापासून कागदोपत्री दुरुस्ती दरवर्षी होते आहे. आमचं शटर मात्र अजून अर्ध्यातच अडकतं.

धंदा चालला की बसला, याची इथे कुणी चौकशी करत नाही, ते खातं आयकरवाल्यांचं. इथे पाहायचं ते चौरस फूट किती, वस्ती कुठली, बांधकाम आरसीसी की पत्र्याचं, आणि आत काय चालतं. शेवटच्या प्रश्नात सगळी मेख आहे. आमच्याच इमारतीत वर राहणाऱ्या काकूंना लागतो निवासी दर. अण्णांना बिगरनिवासी, म्हणजे चांगलाच चढा. "त्या वर झोपतात, मी खाली झोपतो, फरक काय?" हा अण्णांचा युक्तिवाद. दुपारी एक ते चार ते खरोखरच झोपतात. पण आकारणीच्या नियमांत वामकुक्षीला जागा नाही.

मुंबईने २०१० पासून या भाडेकरूला निरोप दिला आणि त्याच्या जागी न आलेलं गिऱ्हाईक आणून बसवलं. तिथे जागेची भांडवली किंमत धरतात. रेडी रेकनरचा दर घ्यायचा आणि वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय, मजला असे गुणक लावायचे. पुढे २०२२ मध्ये तिथली ५०० चौरस फुटांपर्यंतची घरं मालमत्ता करातून सुटली. तेवढ्याच आकाराचं दुकान सुटलं नाही, हे अण्णांनी पेपरातून कापून गल्ल्यात ठेवलं आहे.

फेरआकारणीसाठी मोजणीवाले आले तेव्हा मी दुकानातच होतो. त्यांच्या हातात लेझरचं यंत्र होतं. लाल ठिपका कंपासपेट्यांवरून फिरत फिरत वर सरकला.

"वर काय आहे?"

"पोटमाळा. रद्दी आहे नुसती."

गृहस्थ शिडीवरून वर गेले, ताठ उभे राहायला गेले आणि तुळईवर आपटले. वर बदललेल्या अभ्यासक्रमाची गाईडं आणि न खपलेल्या डायऱ्या. कपाळ चोळत त्यांनी आकडा लिहून घेतला.

"अहो साहेब, ही जागा भाड्याने घेणार कोण?" अण्णा कळवळून म्हणाले.

"काका, आम्हाला भाडं धरायचं असतं. भाडेकरू नाही."

बिल आलं की अण्णा चष्मा पुसून ते स्तोत्रासारखं म्हणतात. सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशमन कर, जललाभ कर, मलप्रवाह कर, वृक्ष कर. दुकानासमोरचा गुलमोहर रस्तारुंदीत गेला, तेव्हापासून वृक्ष करापाशी त्यांचा आवाज बसतो. मग राज्य सरकारचा शिक्षण कर, आणि त्याखाली रोजगार हमी कर. हा फक्त बिगरनिवासी जागांना लागतो. खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम मिळावं म्हणून शहरातल्या दुकानदाराने उचललेला वाटा! त्या एका ओळीवर अण्णांचा राग नाही. काकूंच्या बिलात ती नसते, हेही ते काकूंना आवर्जून ऐकवतात.

नव्या आकारणीवर हरकत घेता येते, सुनावणी होते. तिथेही समाधान झालं नाही तर न्यायालयात अपील आहे, फक्त त्याआधी मागणीची रक्कम भरावी लागते. आधी भरा, मग भांडा. न भरता नुसतं रुसून बसलं तर महिन्याला दोन टक्के शास्ती. पोटमाळ्यासारख्या भानगडीत तर आणखी गंमत: विनापरवाना बांधकामालाही कर लागतो, आणि कर भरला म्हणून ते अधिकृत ठरत नाही. महापालिका पैसे घेते, ओळख मात्र देत नाही.

बड्या थकबाकीदारांच्या दारात पुणे महापालिकेने बँड वाजवल्याची बातमी मी अण्णांना वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प होते. सवलत चुकू नये म्हणून पहिल्या मुदतीतच कर भरणारा हा माणूस.

"म्हणजे बुडवणाऱ्याच्या दारात फुकट बँड," ते म्हणाले, "आणि मी जूनमध्ये शाळा सुरू होताना जाहिरातीला वाजंत्री आणली, तेव्हा रोख मोजले."

"अण्णा, तो अपमान असतो."

"असू दे रे. गिऱ्हाईक थांबलं असतं ना?"