कानाची साक्ष

फॅब्रिकेशनच्या दुकानात सुरक्षेचा विचारच होत नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. डोळ्यात ठिणगी गेली की माणूस बोंब मारतो, म्हणून गॉगल येतो. बोट कापलं की रक्त येतं, म्हणून हातमोजे येतात. कान बिचारा सुजत नाही, रक्त काढत नाही, रजाही मागत नाही. ग्राइंडर लोखंडी पाइपला टेकला की १०० डेसिबलच्या आसपास आवाज होतो, आणि मिस्त्री त्यातच हेल्परला दोन बोटं दाखवून दोन कटिंग चहा मागवतो. त्रास होत नाही का विचारलं, तर म्हणतो, "सवय झालीय." माझं म्हणणं एवढंच, की कानाच्या खटल्यात खुद्द कानाची साक्ष ग्राह्य धरू नये. साक्षीदार फितूर आहे.

कारण जिला सवय म्हणतात, ती बहुतेकदा पडझड असते. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या साधारण १५ हजार केसपेशी असतात. दणदणाटाने त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांमध्ये उगवतात. म्हणजे झाडावर टुकटुक करणाऱ्या तांबट पक्ष्याला कानाची दुरुस्ती फुकट, आणि पुण्याच्या तांबट आळीत दिवसभर भांड्यावर ठोके घालणाऱ्या तांबटाला ती पैसे मोजूनही नाही. व्हेनिसच्या तांबटांना बहिरेपण येतं, हे रामाझ्झिनी या इटालियन डॉक्टरने १७१३ सालीच लिहून ठेवलंय. तेव्हा ग्राइंडर सोडा, वीजही नव्हती. या बहिरेपणाची सुरुवातही लबाड असते. आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं जातं. स्वर शाबूत राहतात, 'स', 'श' यांसारखी बारीक व्यंजनं गळतात. मालकाने सांगितलेल्या 'साठ'मधला 'स' गळला की 'आठ' उरतो, आणि पाइप आठ सेंटिमीटरवर कापला जातो. मालक चिडतो तो मिस्त्रीच्या डोक्यावर. कानावर कुणाचा संशय जात नाही.

"दोन मिनिटांचं तर काम आहे," हा यावरचा लाडका युक्तिवाद. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या हिशेबात ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास मिळतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. खिडकीच्या एका ग्रिलमध्ये अशी दोन-दोन मिनिटं सहज त्याच्या पुढे जातात. (आपल्या कारखाना नियमांत ८ तासांना ९० डेसिबल चालतात, वाढण्यात आपला हात पहिल्यापासून सढळ.) दुसरा आक्षेप वजनदार आहे: चाक अडकलं, मोटर दमली, हे कारागिराला आवाजावरूनच कळतं. अगदी खरं. पण इअरप्लग आवाज कमी करतो, बंद करत नाही. मोटर दमल्याचं त्यातूनही कळतं, चार दिवस कान त्याला सरावावा लागतो इतकंच. आणि हे कसब ज्या कानावर चालतं, तोच खर्ची घालून ते किती वर्षं टिकणार?

कापसाचा बोळा मात्र मनाच्या समाधानापुरताच. फोमचा प्लगही नुसता कानाच्या तोंडाशी टेकवून भागत नाही: चिमटीत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धं मिनिट बोटाने धरून ठेवायचा. शिवाय तो काढायचा नाही. ३० डेसिबल अडवणारं साधन ८ तासांत फोनसाठी म्हणून अर्धा तास काढलं, तर दिवसभराचा फायदा १२ डेसिबलवर येतो. हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, कानात बोळे घालून बसणं चारचौघांत बरं दिसत नाही. नसेल दिसत. नंतर कानाला यंत्र लावावं लागतं, तेही चारचौघांतच. आणि ते यंत्र नातवाच्या बोलण्याबरोबर शेजारचा ग्राइंडरही इमानेइतबारे मोठा करून ऐकवतं.