खोल्या काढलेले नाना

विदर्भातल्या ढाणकीत माणसानं शेत विकलं तर तो सांगत नाही, घेतलं तर आडूनआडून सांगतो. पण खोल्या काढल्या तर त्याला तोंड उघडावंच लागत नाही. गिट्टी आणि रेती अर्ध्या रस्त्यावर पडलेली असते आणि येणारा-जाणारा मोटारसायकल वळवता वळवता विचारतो, "काय नाना, भाड्यानं द्याले काय?" नाना या प्रश्नासाठीच रोज सकाळी गिट्टीजवळ खुर्ची टाकून बसत.

नाना हे एकाच माणसाचं नाव समजू नये. उमरखेडपासून बिटरगावपर्यंत कुठल्याही गल्लीत शिरा, एक नाना सापडेल. वय साठीकडे झुकलेलं, शेत ठोक्यानं दिलेलं, शर्टाच्या खिशात डायरी आणि डायरीत कृषी केंद्रवाल्यानं फुकट दिलेला पेन. "पैसा बसून राह्यला नाही पाह्यजे," हे वाक्य ते बसूनच म्हणतात.

खोल्यांचं वेड त्यांनी नांदेडहून आणलं. पोराला नीटच्या क्लाससाठी तिथं ठेवलं होतं. महिन्याच्या सुरुवातीला नाना हिमायतनगर-भोकरवरून नांदेडला जायचे, खोलीचं भाडं चुकवायला. तिथला घरमालक बंगईवर बसलेला असायचा. नानांनी पुढं केलेल्या नोटा तो न मोजता गादीखाली सारायचा. न मोजता! इकडे नानांची सगळी जिंदगी मोजण्यात गेलेली. आधी सोयाबीनची पोती, मग व्यापाऱ्यानं धरलेली घट, मग कट्टी, मग हातात उरलेले पैसे. 2025 च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये होता, तो नानांना तोंडपाठ आहे. हातात काय पडलं ते ते सांगत नाहीत. पोराच्या नीटचं पुढं काय झालं हा विषयही त्या घरात कोणी काढत नाही. बापाचं शिक्षण मात्र नांदेडला पूर्ण झालं.

हिशेब डायरीत पक्का होता. दहा बाय बाराच्या चार खोल्या, खर्च 9 लाख. भाडं खोलीला 1,500, म्हणजे महिन्याला 6,000, वर्षाला 72,000. नऊ लाखांवर आठ टक्के! "बँक सात देते. इथं एक टक्का जास्त, अन् खोली आपली आपल्याजवळ."

"अन् जागा? तिची किंमत?" मी विचारलं.

"जागा तं बापाची हाये."

नवशिक्या घरमालकाचं सगळं अर्थशास्त्र या चार शब्दांत बसतं. बापाची जागा फुकट, देखरेखीची स्वतःची मेहनत फुकट आणि भाडेकरू तर बाराही महिने राहणारच. जागा विकली असती तर काय आलं असतं ते धरा, वर्षातले दोन महिने खोली रिकामी राहील असं माना, जळलेली मोटर, गळणारा स्लॅब, रंग आणि नगरपंचायतीचा कर वजा करा. आठाचे चार कधी होतात कळतही नाही. अर्थात नानांनी लाजायचं कारण नाही. मुंबई-पुण्यात कर्ज काढून फ्लॅट घेणाऱ्यांना भाडं दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच सुटतं. त्यांची सगळी भिस्त फ्लॅटचा भाव वाढण्यावर असते. ढाणकीत भाव वाढण्यावर भिस्त ठेवायची तर आयुष्य मोठं लागतं.

उमरखेडच्या कर सल्लागारानं नानांना सांगितलं, घरभाड्याच्या उत्पन्नातून भरलेला घरपट्टीचा कर आणि वर सरसकट 30 टक्के वजा मिळतात, दुरुस्ती करा की करू नका. नाना हरखले. पण मुळात आयकर लागण्याइतकं उत्पन्नच नाही हे कळल्यावर इतकी चांगली सवलत वाया चालली याचं त्यांना बरेच दिवस वाईट वाटत होतं.

त्यांना खरी भीती एकच. भाडेकरू जागा दाबेल. ही भीती रक्तातली आहे. विदर्भासाठी 1958 चा कूळ कायदा आला तेव्हा त्यांच्या आज्याच्या एका वावराला कूळ लागलं, ते पुन्हा घरात आलं नाही. म्हणून आजही नाना शेत ठोक्यानं देतात ते पाडव्याला, तोंडी, पैसे आगाऊ घेऊन, कागदाचा तुकडाही न करता. आता खोल्यांच्या बाबतीत चौकातल्या प्रत्येकानं त्यांना बजावलं होतं की बारा वर्षं झाली की घर भाडेकरूचं. कायद्यात तसं नाही. भाडेकरू मालकाच्या मर्जीनं राहतो. नुसती बारा वर्षं राहिल्यानं तो मालक होत नाही. पण चौकात कायद्याला कोण विचारतो? नानांनी स्वतःचा तोडगा काढला. भाडेकरूनं दर अकरा महिन्यांनी शेजारच्या खोलीत सामान हलवायचं. पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. "एका जागी बूडच टेकू द्याचं नाही. बारा वर्षं मोजतीन कुठून?"

तशी भीती अगदीच बिनबुडाची नव्हती. जुन्या काळी पैनगंगेच्या अलीकडे 1949 चा सी.पी. अँड बेरारचा भाडेनियंत्रण आदेश, पलीकडे हैदराबादचा 1954 चा कायदा. अलीकडच्या मालकाला भाडेकरूला नोटीस द्यायची तरी आधी रेंट कंट्रोलरची परवानगी लागायची. हे सगळं गुंडाळून 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि 31 मार्च 2000 पासून नदीच्या दोन्ही काठांना एकच नियम झाला. त्यात लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की राहणाऱ्यानं जागा सोडायची. नाही सोडली तर दुप्पट पैसे भरायचे. एवढं मालकाच्या सोयीचं कलम आहे, फक्त करार लेखी आणि नोंदवलेला पाहिजे. नोंदवायची जबाबदारी मालकाची, न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, हा समज अख्ख्या महाराष्ट्रात आहे. तो केंद्राच्या 1908 च्या नोंदणी कायद्यातून आलेला आहे आणि आपल्याकडे चालत नाही.

नानांना मी हे समजावलं. ते म्हणाले, "नोंदणीत खर्च लई." मुद्रांक शुल्क पाव टक्का, वर नोंदणी फी. ते वाचवायला नानांनी बाँड आणला. 2024 च्या ऑक्टोबरात शंभराचा बाँड जाऊन पाचशेचा आला होता, म्हणून पाचशेचा. त्यावर टायपिंगवाल्याकडून मजकूर उतरवला, दोन साक्षीदारांना चहा पाजला आणि पेटीत कुलूप लावून ठेवला. अंगठ्यापासून सहीपर्यंत सगळं झालं, फक्त कायद्यानं मागितलेलं तेवढं राहिलं.

आता भाडेकरू. पहिले आले ते एक गुरुजी. रोज नांदेडहून अप-डाऊन करणारे. खोली न बघताच म्हणाले, "पसंत आहे." नानांना आनंद झाला. मग कळलं, गुरुजींना खोली नकोच, करारपत्र हवंय. मुख्यालयी राहत असल्याचा पुरावा लागतो, घरभाडे भत्त्याचा प्रश्न असतो. नानांनी रात्रभर विचार केला. असा भाडेकरू भिंतीला खिळा ठोकत नाही, पाणी सांडत नाही, पाहुणे आणत नाही. सकाळी ते म्हणाले, "ठीक हाये. पंधराशेच्या जागी हजार द्या."

"नाना, राहायचं नाही तर भाडं कशाचं?"

"म्हंजे पावतीवर कमाई माह्यी, अन् पैसा तुमच्या खिशात?"

गुरुजी दुसऱ्या गल्लीतल्या नानांकडे गेले.

दुसरा आला बँकेत नवीन लागलेला पोरगा, पार आंध्रातला. नानांनी नाव विचारलं. मग पूर्ण नाव विचारलं. मग मूळ गाव. या तीन प्रश्नांनी ढाणकीत काय हुडकतात ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणाला त्याची लाजही वाटत नाही. पण पोराचं आडनाव म्हणजे नावाआधी लावलेलं एक इंग्रजी अक्षर निघालं. त्या अक्षरापाशी नानांचा शोध खुंटला. नाइलाजानं माणूस बघून खोली द्यावी लागली, आणि पोरगा सोन्यासारखा निघाला. भाडं एक तारखेला मोबाइलवर. नानांना तेही खुपतं. गादीखाली काय सारणार? शिवाय पोरानं उन्हाळ्यात कूलर लावला. खोलीला वेगळा सबमीटर आहे, बिल पोरगाच भरतो. तरी मीटर फिरताना दिसलं की नानांचा जीव वरखाली होतो.

तिसऱ्या खोलीत बहिणीचा मुलगा राहतो. भाच्याकडून भाडं घेतलं तर बहीण राखी आणायची नाही.

चौथी खोली दिवाळीच्या सुमारास गेली. ठोक्यात न दिलेल्या तीन एकरांतला कापूस घरी आला आणि भाव पडलेले. "थोडं थांबू," नाना म्हणाले, आणि कापूस खोलीत भरला. दारापासून छतापर्यंत. खिडकी आतून फुगून आल्यासारखी दिसायची. महिना-दोन महिन्यांत त्याची खाज शेजारी पोचली; बँकेचा पोरगा दंडावर लाल फोड घेऊन कॅश मोजू लागला. त्यानं तक्रार केली नाही, फक्त मराठीत पहिलं पूर्ण वाक्य बोलला: "नाना, कापूस कधी जाणार?"

"भाव आल्यावर."

"भाव कधी येणार?"

हा प्रश्न विधानसभेतही कोणी विचारू दिला नसता.

वर्षअखेर डायरी उघडली. बहात्तर हजारांच्या जागी अठरा. त्यातून मोटर भरून आणली, ती वजा. टक्के काढायला नानांनी पेन उचलला आणि टोपण लावून परत खिशात ठेवला.

याच घरात आणखी एक घरमालक आहे, त्यांच्याकडे डायरी नाही. रस्त्याच्या बाजूचा जुना ओटा काकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, दीड पोतं सिमेंट लावून नीट करून घेतला होता. आठवडी बाजाराच्या दिवशी तिथं एक मेथी-पालकवाली बसते. काकू तिच्याकडून वीस रुपये आणि एक जुडी घेतात. पाऊस आला तर नुसती जुडी. हे अनेक वर्षं चालू आहे. नानांच्या ते परवा लक्षात आलं, तेही बाजाराच्या दिवशी भाजी कुठून येते असं विचारल्यावर. त्यांनी बसल्या बसल्या हिशेब केला. बावन्न बाजार, 1,040 रुपये. वर बावन्न जुड्या. खर्च, दीड पोतं सिमेंट आणि मिस्त्रीचा अर्धा दिवस. टक्के शंभराच्या आसपास निघाले. त्यांनी पुन्हा मांडून पाहिलं. जुड्यांचे पैसे धरले तर वर गेले.

पुढच्या बाजाराला नाना पाचशेचा कोरा बाँड घेऊन ओट्यावर हजर. चष्मा लावून त्यांनी भाजीवालीला अकरा महिने, अनामत, मुदत, साक्षीदार, सगळं समजावलं. तिनं पालकावर पाणी शिंपडता शिंपडता ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा कागद कितीचा पडला, नाना?"

"पाचशेचा."

"पाचशे! एवढ्यात तं माह्ये पंचवीस बाजार होतेत." तिनं एक जुडी उचलली. "मेथी देऊ का कोथिंबीर?"

नाना बाँडाकडे बघत राहिले.

"कोथिंबीर," काकू आतून म्हणाल्या.