अ‍ॅडमिन रात्रपाळीला आहे

नांदेडच्या पोरानं लातूरची पोरगी करू नये असा काही कायदा नाही. पण केली तर आयुक्तालयाचा प्रश्न जेवणाच्या ताटापर्यंत येतो, हे लग्न जमवणारे सांगत नाहीत. 2009 साली मराठवाड्याचे दोन भाग करून नवं महसूल आयुक्तालय नांदेडला द्यायचं सरकारनं ठरवलं आणि लातूर रस्त्यावर उतरलं. पुढं ते ना नांदेडला झालं, ना लातूरला. दोघंही फायली काखोटीला मारून संभाजीनगरलाच जातात, फक्त वाटेत एकमेकांशी बोलत नाहीत.

माझे सासरे, म्हणजे मामा, हिशेब आणखी मागं नेतात. दोन्ही जिल्ह्यांनी महाराष्ट्राला दोन-दोन मुख्यमंत्री दिले. 1986 मध्ये निलंगेकर गेले, शंकरराव चव्हाण आले. 2008 मध्ये विलासराव गेले, अशोकराव आले. "दोन्ही बारीला खुर्ची आमच्यातून उचलली अन् तुमच्यात नेऊन ठेवली," असं म्हणून मामा माझ्याकडं बघतात, जणू टेम्पो मीच ठरवला होता.

बरं, जाणं-येणंही सरळ नाही. एसटीनं लोहा, अहमदपूर, चाकूर असं अंग मोडत जायचं. रेल्वेनं जायचं तर आधी परभणी, मग परळी, मग लातूर रोड. आणि नावाला भुलून लातूर रोडला उतरलात, तर लातूर अजून तीसेक किलोमीटर लांब! त्यामुळं सोयरीक झाली तरी भेटी लग्नाला, मयताला आणि धोंड्याच्या महिन्यालाच व्हायच्या. भांडायला पुरेसा वेळच मिळायचा नाही.

ती गैरसोय 2016 नं दूर केली. त्या वर्षी 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आम्ही गोदाकाठचे लोक उगाच दानशूर झालो. "पाणी पाठवू का मामा?" असं फोनवर विचारायचो. आमच्या नळालाही तेव्हा रोज पाणी नव्हतं, पण ते सांगतो कोण? सप्टेंबरात जिओ आलं, तेही फुकट. त्याच महिन्याच्या अखेरीला पाऊस असा कोसळला की मांजरा धरण भरलं. लातूरची सगळी तहान एका महिन्यात भागली आणि मामांनी टचचा फोन घेतला.

फोन घेतला, पण चालवायचा कुणी? मामांच्या सालगड्याचा पोरगा आयटीआय करून चाकणला कंपनीत लागला होता. पोळ्याला गावी आला तेव्हा त्यानं मामांना बोट कसं फिरवायचं ते दाखवलं आणि जाता जाता 'सोयरेधायरे' नावाचा ग्रुप काढून दिला. काढला त्यानं, म्हणून अ‍ॅडमिनही तोच. ही बाब किती गंभीर आहे, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

कारण मामांच्या बैठकीत कोण कुठं टेकणार हे त्यांच्या आजोबांपासून ठरलेलं. पाटलाला खुर्ची, जावयाला गादी, आडत्याला पलंगाची कड, सालगड्याला उंबऱ्याबाहेरची पायरी. ग्रुपवर मात्र लातूरचा आडत्या, मुखेडची आत्या, ह्यूस्टनचा मेव्हणा आणि चाकणचा पोरगा एकाखाली एक. सकाळी गुलाबाची फुलं, मग लातूर बाजारातला सोयाबीनचा भाव, मग पंजाबराव डखांचा पावसाचा अंदाज. डख परभणी जिल्ह्यातले, म्हणून तो अंदाज दोन्ही पक्षांना मान्य. चुकला तरी दोघांचाही चुकतो.

2023 च्या 17 सप्टेंबरला, म्हणजे मुक्तिसंग्राम दिनालाच, ग्रुपवर रणधुमाळी उडाली. निजामाविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढलेल्यांची नातवंडं शुभेच्छांवरून थेट विद्यापीठावर घसरली. आमच्या काकांनी लिहिलं, "स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ नांदेडला आहे. तुमच्या पोरांच्या पदवीवर शिक्का आमचा." साडूभाऊ लातूरहून कडाडले, "अन् नीटसाठी तुमचीच पोरं आमच्याकडं खोल्या हुडकत हिंडतात!" तोवर ह्यूस्टनला उजाडलं आणि मेव्हण्यानं तिथून तेल ओतलं. पुण्याच्या चुलत मेव्हण्यानं "गाईज, चिल" असं लिहिताच दोन्ही जिल्हे क्षणात एक होऊन त्याच्यावर तुटून पडले. पुणं समोर आलं की मराठवाडा अखंड असतो. त्याला चेपून झाल्यावर पुन्हा आपापल्या जागेवर येऊन भांडण पुढं चालू.

आणि एकदम सगळं बंद. खाली ओळ आली, फक्त अ‍ॅडमिनच मेसेज पाठवू शकतात.

मामांचं उत्तर अर्धं टाइप झालेलं. त्यांनी सालगड्याला हाक मारली. तो पायरीवरूनच म्हणाला, "मालक, ते माझ्या हातात नाही. पोरगं रात्रपाळीला गेलंय. तिथं फोन गेटवरच ठेवून घेतात. सकाळी सुटलं की खोलंल."

औशापासून ह्यूस्टनपर्यंत अख्खं खानदान रात्रभर मुकं बसलं. सकाळी सातला चाकणहून दोनच शब्द आले, "चालू द्या." त्यावर मामांनी लिहिलं, "राम राम अ‍ॅडमिन साहेब." यात टोमणा किती आणि मान किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या दिवाळीत तो पोरगा वाड्यावर आला आणि सवयीनं पायरीवरच बसला. मामांनी खुर्ची काही सरकवली नाही. पण बसल्या जागेवरून त्याला मेसेज केला, "चहा घेतला का?" त्यानं पायरीवरून उत्तर दिलं, "हो मालक." मधलं अंतर पाच पावलांचं, मेसेज गेला टॉवरवरून.

2024 च्या 10 जुलैला सकाळी सातनंतर आमच्या घरातली भांडी वाजली. नांदेडकरांनी काय करावं? ग्रुप उघडला. "जाणवला का?" "आम्हाला जाणवला." "आम्हाला जास्त जाणवला." मामांनी टाइप केलं नाही, फोन लावला. "टायपिंग काय करत बसलाव जावई? आधी भायेर पडा!" 1993 च्या 30 सप्टेंबरची पहाट किल्लारीच्या शिवारात काढलेला माणूस. आम्ही अनवाणी रस्त्यावर आलो.

थोड्या वेळानं बातमी आली, 4.5 रिश्टर. साडूभाऊंनी काहीतरी लिहिलं आणि लगेच डिलीट केलं. कुणाचा मोठा होता हेच लिहिलं असणार, सगळ्यांना कळलं. कुणी विचारलं नाही.

मग मामांचाच मेसेज आला. "भूकंपाचं केंद्र हिंगोलीला गेलं म्हणं. तेबी नांदेडला मिळालं नाही."

चाकणहून लगेच उत्तर, "ग्रुपवर राजकारण नको, मालक."