पनवेल ते न्यूयॉर्क : एक अंतर-मीमांसा

पनवेलहून न्यूयॉर्क नेमके किती लांब, यावर आमच्या आळीत एकमत नाही. म्हणून हा अल्पसा ग्रंथप्रपंच.

पूर्वपक्ष असा : पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला की अंतर भरते सुमारे 12,500 किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात बोट अरबी समुद्रावरून पश्चिमेला सरकते. दोरा मात्र उत्तरेला चढतो आणि आइसलँडजवळून अमेरिकेकडे उतरतो. कारण पृथ्वी लाडवासारखी गोल आहे, चकलीसारखी चपटी नाही. मुंबईहून थेट विमानाला साधारण सोळा तास लागतात. परतताना वेळ वाचतो, कारण उंचावरचे पश्चिमेचे वारे मागून ढकलतात.

पहिला आक्षेप घड्याळाचा. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असते. रात्री एकला उडालेला मुलगा सोळा तासांनी उतरतो, तेव्हा तिथे त्याच दिवशीचे सकाळचे साडेसहा! म्हणजे घड्याळाच्या मते प्रवास साडेपाच तासांचा. तेवढ्या वेळात गणपतीला निघालेला चाकरमानी माणगावच्या कोंडीत वडापाव शोधत असतो.

दुसरा आक्षेप गतीचा. पनवेल ते सीएसएमटी 49 किलोमीटर, लोकलला सुमारे ऐंशी मिनिटे. म्हणजे ताशी 37. याच गतीने लोकल न्यूयॉर्कला नेली तर चौदा दिवस लागतील, तेही मध्ये कुठे सिग्नल न लागता.

तिसरा आक्षेप बॅगेचा, आणि तो सर्वांत जड. मर्यादा तेवीस किलोंची. वजनकाट्यावर आधी बाबा एकटे उभे राहतात, मग बॅग उचलून. दोन्हींतली वजाबाकी आई मान्य करत नाही. मेतकूट बाहेर येते, लोणच्याची बरणी आणखी एका पिशवीत गुंडाळली जाते, आणि सर्वांची पाठ वळली की मेतकूट पुन्हा आत जाते.

आता नवमतवाद्यांचे म्हणणे. पनवेल तालुक्यातल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले, 25 डिसेंबरपासून विमाने उडू लागली; सबब जग जवळ आले. हे मत ग्राह्य नाही. पूर्वी मुंबईतल्या सहार विमानतळावर जायचे तेव्हा वाशीच्या पुलावरच्या गर्दीची भीती घालून तरी मुलाला घराबाहेर काढता येई. विमानतळ हाकेच्या अंतरावर आल्यापासून "अजून वेळ आहे रे" हे वाक्य तीनदा जास्त म्हटले जाते.

कारण मुलगा पहिल्यांदा "चला, येतो" म्हणतो, तेव्हा निघत नाही. मग हातावर दही, देवाला नमस्कार, शेजारच्या काकूंना नमस्कार, चार्जर राहिला, पुन्हा दही.

सिद्धान्त : पनवेल-न्यूयॉर्क अंतराचे दोन भाग. आकाशातले 12,500 किलोमीटर, आणि घराचा उंबरठा. पहिल्याला सोळा तास लागतात, दुसऱ्याला सव्वा तास. सुज्ञ वाचकांनी रिक्षा या हिशेबानेच बोलवावी.