सही तपासणं बंद करणाऱ्यास खुलं पत्र

पत्राची सुरुवात सप्रेम नमस्काराने करायची रीत आहे. हे पत्र लिहिताना ती मोडतो आहे.

तुमचं नाव इथे घालत नाही, कारण चाकणपासून भोसरीपर्यंत तुमच्यासारखे पुष्कळ बसले आहेत आणि प्रत्येकाने हे पत्र आपल्यालाच लिहिलं आहे असं समजावं. तुम्ही मोठ्या कंपनीच्या आयटीत आहात. मी तुमच्या कंपनीला माल पुरवणाऱ्या, आळंदी-मरकळ रस्त्यावरच्या शेडमध्ये शेड्यूल, म्हणजे किती माल कधी द्यायचा याचे तुमचे आदेश, आणि बिलं बघतो. तुमच्या सर्व्हरवरून निघालेलं शेड्यूल मधल्या एका सर्व्हरवर रूप बदलतं आणि आमच्या संगणकावर उतरतं. त्यावर कंपनीची डिजिटल सही असते. आमच्याकडे ती तपासायची सोय तुम्हीच बसवली आणि तुम्हीच बंद केली.

चाचणीत सही जुळेना. म्हणजे ती आपलं काम चोख करत होती. निघाला तो संदेश आणि पोचला तो संदेश एक नाहीत, हेच ती सांगत होती. संदेश एक्सएमएलमध्ये असतो. त्यात टॅगमधली एखादी मोकळी जागा हलली, ॲट्रिब्यूटचा क्रम बदलला, तरी सही मोडते. म्हणून सही करण्याआधी आणि तपासण्याआधी मजकूर एका ठरलेल्या साच्यात आणायचा, असा नियम वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने केला. त्याला वीस वर्षं उलटून गेली. मधला सर्व्हर मजकूरच बदलणार असेल, तर त्याने आधीची सही तपासावी, मग बदल करावा आणि त्याखाली स्वतःची सही करावी. काम किचकट आहे, हे मला मान्य आहे. तुम्ही ते केलं नाही. सेटिंगमध्ये जाऊन तपासणीपुढे ‘फॉल्स’ लिहिलंत आणि ‘तात्पुरतं’ म्हणालात.

मग एका शून्याने फुगलेलं शेड्यूल आलं. आम्ही बार आणले, मशिन लावलं, रात्रपाळी चालवली. तो माल आजही शेडमध्ये गंजतो आहे आणि तुमच्या स्टोअरने तो घ्यायला नकार दिला आहे. तुमच्या पगारातलं एक शून्य असं गळालं असतं, तर त्याच संध्याकाळी तुम्ही तपासणी सुरू केली असती.

फोनवर तुम्ही म्हणालात, ‘लिंक सुरक्षित आहे, कुलूप दिसतं ना?’ ते कुलूप दोन सर्व्हरमधल्या रस्त्यापुरतं असतं. मधल्या सर्व्हरवर संदेश उघडतो, तिथे कुलूप संपतं. तिथून पुढे तो कुणी लिहिला आणि वाटेत कुणी बदलला, हे सांगणारी सही तेवढी उरते.

न तपासलेला संदेश खरा मानला की काय होतं, यासाठी कॉसमॉस बँक आठवा. गणेशखिंड रस्त्यावरचं तिचं मुख्यालय आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. एटीएममध्ये कार्ड घातलं की ‘पैसे देऊ का’ हा प्रश्न स्विचमार्फत बँकेकडे जातो आणि उत्तर येतं. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत घुसून खोटा स्विच उभा केला. प्रश्न खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचलेच नाहीत. खोटा स्विच परस्पर ‘द्या’ म्हणत राहिला. २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी निघाले, भारतातून रूपे कार्डांवर अडीच कोटी. सोमवारी, १३ तारखेला, बँकांच्या स्विफ्ट जाळ्यावरून आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला गेले. सगळे मिळून ९४ कोटी ४२ लाख. पलीकडे ‘द्या’ असं उत्तर पोचलं आणि ते बँकेचंच मानलं गेलं. आमच्याकडे शेड्यूल पोचतं आणि ते तुमचंच मानलं जातं. त्यांच्याकडे चोर आत शिरला होता, आमच्याकडे तुम्ही दार उघडं ठेवलं आहे.

आणि सही न तपासण्याचं हे काम ज्ञानेश्वरांच्या आळंदीजवळ घडावं, याचा मला जास्त राग येतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सांगून झाली. पुढच्या जवळपास तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून तिच्यात चुका शिरल्या, कुणी स्वतःच्या ओव्याही घुसवल्या. पैठणच्या एकनाथमहाराजांनी पोथ्या ताडून पाहून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत तयार केली आणि यात कुणी आपली ओवी मिसळू नये अशी ताकीद शेवटी लिहून ठेवली. त्यांना ओवी ओवीशी ताडावी लागली. तुमच्याकडे शा-२५६ आहे. कितीही लांब मजकुराचा चौसष्ट अक्षरांचा ठसा ते निमिषात काढतं आणि एक स्वल्पविराम बदलला तरी अख्खा ठसा बदलतो. नाथांनी हाताने केलं ते तुम्हाला एका सेटिंगमध्ये मिळालं होतं, आणि तुम्ही ते बंद केलंत.

आम्ही तुमचं शेड्यूल न तपासता मानायचं, आमच्यावर मात्र तुमचा असा विश्वास नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्या बहुतेक व्यावसायिकांना ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे. सरकारी पोर्टल आमचं बिल स्वतःच्या खासगी किल्लीने सही करून परत देतं आणि ती सही त्याच्या जाहीर किल्लीने कुणालाही तपासता येते. आमचा टेम्पो तुमच्या गेटवर आला की बिलावरचा क्यूआर स्कॅन होतो. जुळला नाही तर गाडी बाहेर उभी राहते. ते योग्यच आहे, मी त्याबद्दल तक्रार करत नाही. पण तुमचा आदेश तपासायचा माझा हक्क तुम्ही मला न विचारता काढून घेतलात.

तुमची स्वतःची खासगी किल्ली कुठे आहे, तेही मला ठाऊक आहे. सेटअपच्या फोल्डरबरोबर ती आमच्याकडे आली, आणि पासवर्ड ‘चेंजइट’ होता, जावाबरोबर आयता मिळतो तोच. आमच्या भागातले कारखानदार डिजिटल सहीचं टोकन सीएच्या ड्रॉवरमध्ये ठेवतात आणि पिन त्यावरच चिकटवतात, म्हणून तुमच्यासारखे त्यांना अडाणी म्हणतात. निदान ते टोकन दुसऱ्या कंपनीला तरी पाठवत नाहीत.

तपासणी सुरू कराल तेव्हा ‘सही बरोबर आहे’ एवढ्यावर थांबू नका. सही कशावर आहे ते पाहा. जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेत दाखवून दिलं होतं की सही असलेला खरा भाग संदेशात एका बाजूला सरकवून त्याच्या जागी स्वतःचा आदेश ठेवता येतो. सही बरोबर ठरते आणि काम होतं ते खोट्या आदेशाचं. ॲमेझॉनने ते भोक बुजवलं. म्हणून जो भाग तपासला तोच वाचला जातो ना, याची खात्री करा. आदेशाचा मजकूर, वेळ, संदेशाचा क्रमांक आणि तो कुणासाठी आहे, हे सगळं सहीखाली आणा. नाहीतर कालचंच खरं शेड्यूल उद्या पुन्हा पाठवून कुणीही आमच्याकडून दुप्पट माल करून घेईल.

आता मला तुमच्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत, आणि त्या लेखी हव्या आहेत: तपासणी कोणत्या तारखेला आणि कुणाच्या सांगण्यावरून बंद झाली, नवी किल्ली कधी तयार होणार आणि जुनी कधी रद्द होणार, आणि शेडमधल्या मालाचे पैसे कोण देणार. तोपर्यंत सही न जुळलेल्या शेड्यूलवर आमच्याकडे मशिन लागणार नाही. लाइन थांबली तर तुमच्या साहेबांना हे पत्र दाखवा.

— मरकळ रस्ता, आळंदी