साप, विंचू आणि आठ-बाराची फास्ट

ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझं बीपी १५२-९६ निघालं. ही बातमी आधी डॉक्टरांना सांगायला हवी होती. पण डॉक्टरांची वेळ संध्याकाळी सातची आणि गाडी सकाळी आठ-बाराची. त्यामुळे निदान, दुसरं मत, तिसरं मत आणि अंतिम उपचार हे सगळं ठाणं यायच्या आत उरकलं.

आमच्या डब्यात संशोधकांची एक उतरंड आहे. कल्याणहून बसून येणारे ते ज्येष्ठ. खिडकी त्यांची आणि शेवटचा शब्दही त्यांचाच. आम्ही डोंबिवलीकर उभे, म्हणजे सहायक. बॅगा वर टाकायच्या आणि मान डोलवायची. ठाणेकर बिचारे फलाटावरच राहतात. त्यांचे प्रबंध आम्ही दारातूनच परत पाठवतो.

माझा आकडा ऐकून डबा हळहळला नाही. उलट सहा वर्षं नुसता उभा राहिलेल्या मला त्या दिवशी पहिल्यांदाच सरकून चौथी सीट मिळाली. बीपी नसलेल्या माणसाला आमच्या ग्रुपात मत नसतं, हे तेव्हा कळलं.

‘गोळी चालू करू नकोस,’ खिडकीवाले काका म्हणाले. ‘एकदा चालू केलीस की सुटत नाही. मी सोडली. रोज सकाळी उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या. बघ माझ्याकडे.’ बघितलं. गाल टोमॅटोसारखे लाल होते. लसणाचा पुरावा तर मुंब्र्यापर्यंत दरवळत होता.

बँकवाल्यांचा अभ्यास वेगळा. ते गोळी घेतात, पण शनिवार-रविवार नाही. ऑफिस नाही म्हणजे टेन्शन नाही, टेन्शन नाही म्हणजे बीपी नाही. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारीच सुट्टी असल्याने पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी ते अर्धी घेतात. एवढं काटेकोर वेळापत्रक मी कुठल्याही सरकारी रुग्णालयात पाहिलेलं नाही. अंबरनाथवाले डोकं दुखलं तरच घेतात. आणि दाराजवळचे एक गृहस्थ बायकोचीच गोळी घेतात, कारण ‘रंग सेमच आहे’. रंगावर आम्हा डोंबिवलीकरांचा भरवसा जरा जास्तच. २०१४ साली आमच्याकडे हिरवा पाऊस पडला आणि २०२० साली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. रंग बघून रसायन ओळखायची सवय आम्हाला लहानपणापासून आहे.

यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना एकच गोळी दिलेली आहे, ॲम्लोडिपिन. रक्तवाहिनीच्या भिंतीत बारीक स्नायू असतात. त्यांच्या पेशींत कॅल्शियम शिरलं की ते आवळतात. ही गोळी कॅल्शियमचं दार लोटून घेते, वाहिनी सैलावते, दाब उतरतो. पण ती सावकाश चढते आणि सावकाश उतरते. एका डोसचा निम्मा अंश रक्तातून जायलाच तीस ते पन्नास तास लागतात आणि पुरता जम बसायला आठवडा. म्हणजे डोकं दुखल्यावर ती घेणं हे घराला आग लागल्यावर विम्याचा हप्ता भरण्यासारखं. वर बीपीने डोकं दुखतंच असं नाही. बहुतेकांचं काहीच दुखत नाही, हीच तर त्याची खोड आहे.

हे मी डब्यात सांगायला गेलो, ही माझी चूक. आणि त्याहून मोठी चूक म्हणजे, बीपीच्या औषधांचा इतिहास हा साप-विंचवांचा इतिहास आहे, असं म्हणून बसलो. साप म्हटल्यावर चार डोकी मोबाइलमधून वर आली. मग माघार घेता येईना.

गाडी कोपर ओलांडत होती तेव्हा मी १९४९ सालात होतो. मुंबईच्या केईएममधले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी त्या साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेवर निबंध लिहिला. ही मुळी आपल्या वैद्यांना शतकानुशतकं ठाऊक. बिहारकडे तर ती वेडावरचं औषध म्हणून विकली जायची. वकिलांनी तिच्या गोळ्या रक्तदाबाच्या रुग्णांना दिल्या, आधीचा दाब लिहिला, नंतरचा लिहिला आणि जगापुढे ठेवला. तीन वर्षांनी स्विस कंपनीने त्या मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं आणि १९५७मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. नसांच्या टोकाशी नॉरॲड्रिनलिनची कोठारं असतात, ती रिसर्पिन रिकामी करतं. रक्तवाहिनीला आवळण्याचा हुकूमच पोचत नाही. गंमत अशी की त्याच कोठारांशी माणसाच्या उमेदीचाही संबंध. त्यामुळे काहींचा दाब उतरला, तसं मनही उतरलं.

‘म्हणजे आयुर्वेदात सगळं आधीच होतं!’ खिडकीवाले काका.

‘मुळी होती काका, आकडे नव्हते,’ मी म्हणालो. डब्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं भलत्याच डब्यात चढलेल्याकडे पाहतात.

दिवा गेलं तसा मी ब्राझीलला पोचलो. तिथे जराराका नावाचा विषारी साप आहे. तो चावला की माणसाचा दाब कोसळतो. सर्जिओ फरेरा या ब्राझिलियन संशोधकाने १९६०च्या दशकात त्या विषातलं नेमकं काय काम करतं याचा माग काढला. रक्तात अँजिओटेन्सिन नावाचं वाहिन्या आवळणारं रसायन तयार होतं. ते तयार करणाऱ्या एन्झाइमचेच हात हे विष बांधून ठेवतं. पुढे अमेरिकेत त्याची नक्कल करून कॅप्टोप्रिल बनवलं, ते १९८१मध्ये बाजारात आलं. आज ज्या गोळ्यांच्या नावामागे ‘प्रिल’ लागतं, ती सगळी त्या सापाची पिलावळ. या कुळाचा एक दोष म्हणजे कोरडा खोकला. आमच्याकडे तो लक्षातच येत नाही. डोंबिवलीत खोकणारा माणूस गोळीमुळे खोकतोय की एमआयडीसीमुळे, हे सांगायला स्वतंत्र प्रयोगशाळा काढावी लागेल.

मुंब्र्याच्या डोंगरापाशी विंचू आला. यावर मात्र सगळे सरसावले, कारण विंचू कोकणातला आणि डब्यातले अर्धे लोक मूळचे कोकणातले. महाडजवळच्या बिरवाडीला १९७०च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर सरकारी आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेली मुलं, शेतकरी यायचे. घामाघूम, हातपाय गार, मग छातीत घरघर, तोंडाला फेस. विंचवाचं विष नसांमधली सोडियमची दारं उघडीच ठेवतं, त्यामुळे शरीरात ॲड्रिनलिनचं तुफान उठतं. वाहिन्या आवळतात, दाब भडकतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. बावस्कर रात्र रात्र रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, दाब, श्वास यांची टिपणं करत राहिले. त्या टिपणांतून त्यांच्या लक्षात आलं, की इथे वाहिन्या सैल करणारं काहीतरी हवं. ते त्यांना सापडलं प्राझोसिनमध्ये. प्राझोसिन म्हणजे काय, तर बीपीची साधी, स्वस्त गोळी! १९८२ आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’ने महाडचं हे काम छापलं. तीस टक्क्यांच्या आसपासचं मृत्यूचं प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आलं. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी त्यांना आणखी एक गोष्ट मिळाली होती. एका तपासणी केंद्राकडून, रुग्ण पाठवल्याबद्दल १,२०० रुपयांचा चेक. त्यांनी थेट मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. या प्रसंगावर मात्र डबा गप्प झाला. कुणालाच त्यावर घरगुती उपाय सुचेना.

शांतता मोडली बँकवाल्यांनी. ‘आमच्या गावाला एक म्हातारे होते. विंचू उतरवायचे. मंत्र टाकला की तासाभरात माणूस चालत घरी. शंभर टक्के रिझल्ट. एकाचीही तक्रार नाही.’

ज्यांचा उतरला नाही ते तक्रार घेऊन चालत येण्याच्या स्थितीत असतील का, हे मी विचारणार होतो. पण कळवा आलं होतं आणि मला ठाण्याला उतरायचं होतं. ज्याला ठाण्याला उतरायचंय त्याने कळव्याला प्रश्न विचारू नयेत, दाराकडे सरकावं.

संध्याकाळी डॉक्टरांनी ॲम्लोडिपिनच दिली. वर म्हणाले, मीठ कमी करा, दिवसाला पाच ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही तोच आहे, साधारण चहाचा एक सपाट चमचा. आमच्या घरी एवढं मीठ लोणच्याच्या बरणीच्या झाकणाला आतून लागलेलं असतं.

चिठ्ठी मला वाचता आली नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नियम काढला होता, की डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव लिहावं, सुवाच्य लिहावं, शक्यतो मोठ्या ठळक अक्षरांत. नियम निघाला २ तारखेला आणि २३ तारखेला स्थगित झाला. एकवीस दिवस. टायफॉइडसुद्धा जवळजवळ एवढाच टिकायचा. ठीक आहे. मेडिकलवाल्याने मात्र चिठ्ठी एका नजरेत वाचली. हे लोक मोडी लिपी वाचायला का जात नाहीत कळत नाही, पेशव्यांचं निम्मं दप्तर केव्हाच उलगडलं असतं.

‘ही संपलीय, दुसऱ्या कंपनीची देऊ? सेम आहे. आणि साहेब, यातच अजून एक औषध मिक्स असलेलीपण येते. एका गोळीत दोन कामं.’ एका गोळीत दोन कामं हे आपल्याला फार आवडतं, वडा आणि पाव एकत्र केल्यापासून. बीपीत काही जोड्या खरोखर शहाणपणाच्या आहेत. पण या आवडीच्या जोरावर बाजारात इतक्या वाटेल त्या जोड्या आल्या, की सरकारने २०१६च्या मार्चमध्ये एका दमात ३४४ मिश्रणांवर बंदी घातली आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये आणखी १५६वर. पत्रिका न जुळवता लावलेली एवढी लग्नं आमच्या वधू-वर सूचक मंडळातही होत नाहीत.

माझा मेहुणा ठाण्याला पोखरण रोडला राहतो, बाविसाव्या मजल्यावर. या रस्त्यावर पूर्वी ग्लॅक्सोचा औषधांचा कारखाना होता. काही वर्षांपूर्वी कंपनीने तिथली सुमारे साठ एकर जागा ५५५ कोटींना एका बिल्डरला विकली. मला यात ठाण्याचं अख्खं आर्थिक धोरण दिसतं. आधी इथे औषधं बनायची. आता इथे वीस वर्षांच्या हप्त्यांवर घरं विकली जातात, म्हणजे रोग बनतो. टॉवरच्या तळाशी मेडिकल असतंच, त्यामुळे वितरणाचीही सोय आहे.

मेहुण्याचं बीपी १३४-८४ असतं. नोव्हेंबर २०१७पर्यंत त्यावर कुणाचाच आक्षेप नव्हता. मग अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी उच्च रक्तदाबाची रेघ १४०-९०वरून १३०-८०वर आणली. रेघ हलवण्यामागे मोठ्या चाचण्या आहेत, उगीच हलवलेली नाही. पण आपल्याकडे बहुतेक डॉक्टर अजून जुनीच धरतात. मेहुण्याचा मुलगा न्यू जर्सीत आहे. त्यामुळे मेहुणा दर उन्हाळ्यात नेवार्कला उतरला की आजारी पडतो आणि सप्टेंबरात ठाण्याला परतला की खडखडीत बरा होतो. एवढा गुण महाबळेश्वरच्या हवेलाही येत नाही.

मी गोळी सुरू केली. महिन्याभरात १३२-८२वर आलो. ठाण्यात बरा, न्यू जर्सीत आजारी. डब्यात हे सांगितलं तेव्हा माझी चौथी सीट गेली. ज्याने डॉक्टरांचं ऐकलं त्याच्याकडे सांगण्यासारखं काय असणार? मी पुन्हा उभा, पुन्हा सहायक. ‘डोंबिवली फास्ट’ सिनेमातला माधव आपटे आठवतो? त्याचं बीपी वेळेवर कुणी मोजलं असतं तर दिग्दर्शक निशिकांत कामतांना दुसरा विषय शोधावा लागला असता, असा एक विनोद मी मध्ये करून पाहिला. कुणी हसलं नाही.

मागच्या महिन्यात खिडकीवाले काका दोन दिवस दिसले नाहीत. मग आठवडा गेला. खिडकी पहिले तीन दिवस मानाने रिकामी ठेवली होती, चौथ्या दिवशी बँकवाले तिथे सरकले. कुणी म्हणालं गावाला गेले असतील, कुणी म्हणालं रिटायरमेंट जवळच होती. फोन नंबर कुणाकडेच नव्हता. ग्रुपवर ते होते, पण ‘विंडोवाले काका’ या नावाने, आणि त्यांना पाठवलेल्या सुप्रभातखाली एकच बारीक टिक येत होती.

परवापासून कल्याणहून एक नवा मुलगा चढायला लागलाय, पस्तिशीचा असेल. ऑफिसच्या तपासणीत १४८-९४ निघालं म्हणून घाबरला होता. अंबरनाथवाल्यांनी सरकून त्याला चौथी सीट दिली.

‘गोळीच्या नादी लागू नकोस,’ बँकवाले खिडकीतून म्हणाले. ‘रोज लसणाच्या दोन पाकळ्या. इथे बसायचे ना, त्या काकांनी लसणावर गोळी सोडली.’

‘मग? काही त्रास नाही झाला परत?’

‘नाव नाही. गेला महिनाभर तर एक तक्रार नाही त्यांची.’