कीर्ती मोजण्याची सुलभ रीत

विद्वानांच्या कीर्तीचे माप घेऊन त्याप्रमाणे बढती, वृत्ती अथवा पारितोषिक देण्याचे काम ज्यांच्या शिरावर नव्याने येऊन पडले असेल, त्यांनी कोणताही ग्रंथ उघडण्यापूर्वी तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या गाडीत बसावे आणि पापनाशम् स्टेशनावर उतरावे, अशी आमची पहिली सूचना आहे. तेथे तिरुप्पालैत्तुरैच्या शिवालयाच्या आवारात नायक राजांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेले, विटांचे, ३६ फूट उंचीचे धान्याचे कोठार उभे आहे. त्यात ३,००० कलम भात मावत असे. (येथे कलम म्हणजे लेखणी नव्हे, धान्याचे तमिळ माप, परंतु परीक्षकाने हा भेद फार मनावर न घेतलेला बरा.) मापाऱ्याला भात शिजवून चाखावा लागत नाही, माप शिगोशीग भरले, आकडा पुकारला, की तो मोकळा झाला.

परीक्षकाने हाच कित्ता गिरवावा. उमेदवाराचे लेख वाचू नयेत. वाचल्याने मत बनते, मत बनले की ते सकारण मांडावे लागते, आणि सकारण मांडलेल्या मतावर शेजारचा सभासद आक्षेप घेऊन सभा जेवणाच्या वेळेपलीकडे नेतो. आकड्यावर आक्षेप घेणारा सभासद मात्र अद्याप जन्मास यावयाचा आहे. तंजावरच्या सरस्वती महालात आपल्या भोसल्यांचे मोडी कागद आहेत. ते वाचावयाचे तर आयुष्य खर्ची पडेल, रुमाल मोजावयाचे तर एक कारकून पुरे.

आकडा कोणता घ्यावा, ही विवंचना २००५ साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मिटविली आहे: ज्याच्या दहा लेखांचा प्रत्येकी निदान दहा वेळा उल्लेख झाला, पण अकरा लेखांचा अकरा वेळा झाला नाही, त्याचा निर्देशांक दहा. उल्लेख कोणी केला याची चौकशी करण्याचे प्रयोजन नाही. उंटाच्या रूपाची गाढवाने आणि गाढवाच्या स्वराची उंटाने केलेली वाखाणणी हिशेबात दोनच धरली जाते. आमच्या विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०१० साली प्राध्यापकांचे लेख, ग्रंथ आणि परिसंवाद यांस गुण लावून खतावणीची सोय करून दिली होती.

रीत ध्यानात आली, की सरावासाठी तसेच पुढे कुंभकोणमला जावे आणि सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या लहानशा घरात वाढलेल्या श्रीनिवास रामानुजन नामक इसमाचे प्रकरण तपासावयास घ्यावे. शिक्षण: गावच्या सरकारी कॉलेजात १९०४ साली शिष्यवृत्तीसह दाखल, इंग्रजीत नापास, सबब शिष्यवृत्ती बंद, पुढे मद्रासेस एफ. ए.च्या परीक्षेत दोनदा नापास. नोकरी: १९१२ पासून मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात कारकुनी, दरमहा ३० रुपये. प्रकाशित साहित्य: १९११ अखेर इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये बर्नूली संख्यांवर एक लेख. एका लेखाच्या मनुष्याचा निर्देशांक, जगाने त्या लेखाचा लाख वेळा उल्लेख केला तरी, एकावर जात नाही. शिवाय कागद महाग म्हणून हा इसम पाटीवर गणिते करी, कोपराने पुशी आणि निष्कर्ष तेवढा वहीत उतरवी. म्हणजे ज्या सिद्धतेवर गुण द्यावयाचे ती त्याच्या काळ्या पडलेल्या कोपराला लागलेली, आणि कोपर दफ्तरी दाखल करून घेण्याची तरतूद कोणत्याही जाबत्यात नाही. शेरा मारावा: ‘अपात्र.’

या प्रकरणात जी बेशिस्त माजली, तिची वाच्यता उमेदवारांपुढे करू नये. रामस्वामी अय्यर या डेप्युटी कलेक्टराकडे हा मनुष्य कारकुनी मागावयास गेला असता त्या गृहस्थांनी वह्या चाळल्या, आणि असल्या मनुष्याला महसूल खात्यात गाडून टाकणे बरे नव्हे म्हणून नोकरी न देता शिफारसपत्रे दिली. १६ जानेवारी १९१३ रोजी रामानुजनने लिहिलेले पत्र केंब्रिजचे गणितज्ञ हार्डीसाहेब यांच्या हाती पडले, तेव्हा तर त्यांनी लिटलवुड या मित्राला बोलावून रात्री पत्रातली सूत्रे चक्क वाचली! पुढे याच हार्डींनी गणितज्ञांना शंभरापैकी गुण दिले, ते असे: स्वतःला २५, लिटलवुडला ३०, हिल्बर्टला ८० आणि रामानुजनला १००. ही हकीकत गणितज्ञ एर्डॉश सांगत. आमच्या पस्तीस गुणांच्या अटीने पाहता येथे परीक्षकच नापास ठरतो. ही प्रथा समितीत शिरू देणे किती घातक आहे, हे सभासदांस फोड करून सांगावयास नको. मद्रास विद्यापीठाने पदवी नसलेल्या या मनुष्याला दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती मंजूर केली; मात्र दर तिमाहीस अहवाल मागून कचेरीची अब्रू थोडीबहुत राखली.

राहता राहिले पारितोषिक. ते शक्यतो अशा वेळी द्यावे, की घेणाऱ्याला त्याची गरज उरलेली नसावी. कुंभकोणमच्या लोकांना मात्र हा नियम मानवलेला दिसत नाही. तेथे ‘शास्त्र’ विद्यापीठाने २००५ पासून रामानुजनच्या नावाने १०,००० डॉलरांचे पारितोषिक सुरू केले आहे, आणि ते तरुण गणितज्ञांनाच मिळते. वयाची मर्यादा ३२ वर्षे, कारण रामानुजन तेवढेच जगला; त्या अटीत तो स्वतः २६ एप्रिल १९२० पर्यंत, म्हणजे मृत्यूच्या दिवसापर्यंत, बसत होता.